इयर डाऊन झालेल्याने कोणत्या बॅचच्या मेळाव्याला जावे?

गणित_तीन

नमस्कार मंडळी,

येत्या डिसेंबरात आमच्या महाविद्यालयात 1996 च्या बॅचचा 30 वर्षांचा स्नेहमेळावा आहे. त्याला जावे की नाही, आणि जायचे तर एका विशिष्ट माणसाशी आधी बोलून घ्यावे की तिथेच काय ते भेटावे, याबद्दल अनुभवी लोकांचे मत हवे आहे. पार्श्वभूमीशिवाय प्रश्न कळणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

1992 साली मला सांगली-मिरजेच्या पट्ट्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र शाखेला प्रवेश मिळाला. तेव्हा सीईटी नव्हती, बारावीच्या पीसीएमच्या गुणांवर प्रवेश होत असत. माझ्याबरोबर आत गेलेली मुले 1996 मध्ये शिवाजी विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडली आणि मी 1997 मध्ये पडलो, कारण दुसऱ्या वर्षी एटीकेटीच्या (काही विषय राहूनही पुढच्या वर्गात जाण्याच्या सवलतीच्या) मर्यादेपेक्षा एक विषय जास्त राहिला आणि इयर डाऊन झाले. तो विषय कोणता हे माझ्या इथल्या नावावरून कळेलच. पुढची दोन वर्षे ज्यांच्याबरोबर काढली, ती मुले मला ‘अरे’ म्हणताना जराशी अडखळत असत. त्यामुळे 1997 वाल्यांच्या मेळाव्यात मी पाहुणा आणि 1996 वाल्यांच्या मेळाव्यात गळालेला, अशी माझी अवस्था आहे. 1996 च्या व्हॉट्सॲप गटात मला कोणीतरी चार महिन्यांपूर्वी घेतले. तेव्हापासून मी सगळे वाचतो, वाढदिवसाला हात जोडलेले चिन्ह टाकतो आणि गप्प बसतो.

आता त्या विशिष्ट माणसाविषयी. तो माझा रूम पार्टनर. विश्रामबागेतील एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही दोघे कॉट बेसिसवर दोन वर्षे राहिलो. सबमिशनच्या आदल्या रात्री खिडकीचे तावदान काढून दोन लोखंडी कॉटांच्या मध्ये आडवे टाकायचे, खाली शंभरचा बल्ब लावायचा आणि कोणाकडून तरी मागून आणलेल्या शीटवर आपली कोरी शीट ठेवून ‘जीटी’ म्हणजे ग्लास ट्रेसिंग मारायची, हा उद्योग ज्यांनी केला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. काच तापली की शीट कडेने वळू लागायची, म्हणून एकाने रेघा मारायच्या आणि दुसऱ्याने अधूनमधून बल्ब बंद करून वहीने वारा घालायचा, अशी आमची वाटणी ठरलेली होती.

1994 च्या उन्हाळ्यात निकाल लागला. त्याच्या मिनी ड्राफ्टरचा (ड्रॉइंग बोर्डाला लावून रेघा मारायच्या साधनाचा) स्क्रू झिजला होता आणि पट्ट्या काटकोनात राहत नव्हत्या. खोली सोडताना तो मला म्हणाला, ‘‘तुझा ड्राफ्टर मी नेतो, तुला यंदा लागणार नाहीच.’’ त्यात कुचकेपणा नव्हता, हे मला त्या वेळीही समजत होते. पण ते वाक्य मी वर्षभर गावी बसून रोज ऐकले. 1995 मध्ये तिसऱ्या वर्षाला परत आलो, तेव्हा तो वसतिगृहात राहायला गेला होता. ड्राफ्टर मागायला त्याच्या खोलीवर जाण्याऐवजी मी दुसरा जुना ड्राफ्टर विकत घेतला. पुढे वर्षभर आम्ही कॅन्टीनमध्ये एकमेकांना मान हलवून दाखवत होतो, इतकेच.

1996 च्या जूनमध्ये शेवटची तोंडी परीक्षा आटोपल्यावर तो माझ्या खोलीवर आला. मी आत होतो. कडी लावून कॉटवर पडलो होतो आणि जिन्यावरची पावले त्याची आहेत हे मला कळले होते. त्याने दोनदा दार वाजवले. मी उठलो नाही. संध्याकाळी दार उघडले तेव्हा रेक्झिनच्या पिशवीतला माझा ड्राफ्टर उंबऱ्याशी ठेवलेला होता. त्यानंतर आजतागायत भेट नाही. गटात तो आहे, तोही फारसा लिहीत नाही.

मेळाव्याला गेलो तर तो समोर येणार. काय बोलावे? की एवढ्या जुन्या गोष्टीचा विचार करणे हाच माझा दोष आहे?

तांदळातले_नाव

मी कोल्हापूरच्या एका महाविद्यालयातील विज्ञान शाखेच्या 1993 च्या तुकडीचा मेळावा 2018 मध्ये भरवणाऱ्या पाचजणांपैकी एक होते. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी आयोजकाच्या बाजूने देते.

हा प्रश्न आम्हाला चौघांनी विचारला होता. एकाचे वर्ष गेले होते, एक दुसऱ्या वर्षाला बाहेरून आली होती, दोघांनी शिक्षण अर्धवट सोडले होते. पहिली यादी आम्ही पदवीच्या वर्षावरून केली आणि ती चुकली. मग महाविद्यालयाच्या कार्यालयातील ओळखीच्या लिपिकांकडून प्रथम वर्षाच्या हजेरीपटाची जुनी प्रत पाहायला मिळाली, तेव्हा कळले की आपल्या आठवणीतला वर्ग म्हणजे पहिल्या वर्षाचा वर्ग असतो. कोण कुठल्या बाकावर बसायचे, कोणाचा डबा कोण खायचे हे सगळे तिथले. पदवी कोणाला कधी मिळाली हे एकालाही आठवत नव्हते. तेव्हा तुम्ही 1996 चेच. कोणी विचारणारही नाही.

मुलींना शोधणे हा मात्र वेगळाच प्रकार असतो, आणि तुमच्या आयोजकांनी तिथे हात टेकले असतील तर त्यांना पुढचे वाचायला द्या. हजेरीपटात आडनाव, नाव, वडिलांचे नाव असा क्रम असतो. लग्नानंतर त्यातले पहिले आणि तिसरे बदलते, आणि आमच्या पिढीत बऱ्याच घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून मधलेही बदलले. म्हणजे आमच्याकडे जे नाव होते त्यातले एक अक्षरही आता ती बाई वापरत नव्हती. फेसबुकवर शोधायचे तरी काय? शेवटी आम्ही मुलींना सोडून त्यांच्या माहेरांना शोधायला लागलो. माहेरचे दुकान, माहेरची पिठाची गिरणी, भावाचे औषधांचे दुकान ही जागा सोडत नाहीत. एकीचा पत्ता आम्हाला गडहिंग्लजच्या बाजारात तिच्या भावाने वजनकाट्यावर गूळ मोजता मोजता सांगितला, आणि फोन लावून दिला तोही स्वतःच. तिला पलीकडून जुन्या नावाने हाक मारली तर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, ‘‘या नावानं मला आई गेल्यापासून कुणी हाक मारली नव्हती.’’

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती आमच्या हातून झालेली चूक आहे. जुन्या डायरीतल्या एका क्रमांकावर आम्ही उत्साहाने निमंत्रण पाठवले, ‘येतोस की नाही, सबब चालणार नाही’ अशा भाषेत. उत्तर त्याच्या पत्नीकडून आले. तो जाऊन सहा वर्षे झाली होती, क्रमांक तिने चालू ठेवला होता. तेव्हापासून आम्ही नियम केला की प्रत्येकाविषयी आधी दुसऱ्या कोणाकडून तरी चौकशी करायची आणि मगच निमंत्रण धाडायचे.

तुमच्या मित्राविषयी माझे मत विचाराल तर आधी फोन करा. मेळाव्याच्या दिवशी दोन माणसांना निवांत बोलता येईल अशी जागाच नसते. आम्ही तर सकाळचे अडीच तास गुरुजनांच्या शाल-श्रीफळात घालवले आणि दुपारी जेवणाच्या रांगेत माणसे आपापल्या गाड्यांच्या वेळा पाहू लागली.

रोखठोक_काका

मी विरुद्ध बाजूने लिहितो. जाऊ नका.

आमचा मेळावा लोणावळ्याजवळच्या एका रिसॉर्टवर झाला. माणशी साडेसहा हजार वर्गणी होती, आणि ती ज्यांना परवडणार नव्हती ते ‘घरी कार्य आहे’ म्हणाले. हे आयोजकांच्या लक्षातही आले नाही. मी गेलो, कारण पैसे भरले तेव्हा माझा कारखाना चालू होता; मेळाव्याचा दिवस उजाडेपर्यंत बँकेने त्याला कुलूप लावले होते. सगळ्यांना गोलात बसवले आणि ध्वनिक्षेपक फिरवला. नाव, हुद्दा, कंपनी, मुले काय करतात, याच क्रमाने सांगायचे. माझ्या आधीचा मनुष्य उपाध्यक्ष होता आणि त्याची मुलगी टेक्सासमध्ये होती. माझ्या हातात तो दांडा आला तेव्हा मी नाव सांगितले, ‘‘सध्या विश्रांती’’ म्हणालो आणि पुढे दिला. लोक हसले, त्यांना ती कोटी वाटली.

दुष्टपणा कोणातच नव्हता. पण ज्यांचे बरे चालले आहे तेच असा कार्यक्रम आखतात आणि आपल्याला जे प्रश्न सोपे वाटतात तेच विचारतात. तुम्हाला मित्राशी बोलायचे आहे ना? मग त्याच्याशी बोला. त्यासाठी दीडशे माणसे कशाला हवीत?

तांदळातले_नाव

काका, तुम्ही लिहिलेले खरे आहे. हुद्दा विचारू नये हे आम्हालाही उशिरा सुचले, तेही एका मैत्रिणीने ‘‘मी काय सांगू, तीस वर्षे स्वयंपाक करते म्हणून सांगू का?’’ असे स्पष्ट विचारले म्हणून. मग आम्ही ओळखीसाठी दोनच गोष्टी ठेवल्या, महाविद्यालयात असताना कुठे राहत होतात आणि जेवायला कुठे जात होतात. पाच मिनिटांत सगळी खोली एका खानावळीच्या आमटीवर बोलू लागली आणि कोण उपाध्यक्ष आहे हे जेवणापर्यंत कळलेच नाही. वर्गणीच्या बाबतीत एकाच व्यक्तीने हिशेब ठेवावा आणि कोणी किती दिले हे इतर कोणालाही कळू नये, अशी व्यवस्था करता येते. आम्ही ती केली होती.

निवृत्त_ड्रॉइंग_मास्तर

मी तंत्रनिकेतनात 31 वर्षे अभियांत्रिकी रेखाचित्र शिकवले आणि गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या तुकड्यांच्या बऱ्याच मेळाव्यांना जाऊन आलो. तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूने थोडे लिहितो.

पहिले गाऱ्हाणे. ‘‘ओळखलंत का सर?’’ हा प्रश्न विद्यार्थ्यांनी कृपा करून विचारू नये. 17 वर्षांचा सडपातळ मुलगा ज्याने पाहिला आहे त्याच्यासमोर 50 वर्षांचा चष्मा लावलेला, पोट सुटलेला गृहस्थ उभा राहतो, भोवती दहाजण मोबाइल उगारून असतात आणि मास्तरांची तोंडी परीक्षा सुरू होते. ‘सर, मी अमुक, अमुक सालचा’ एवढे म्हणावे, पुढचे आमचे आम्हाला आठवते. माणूस चेहऱ्यावरून ओळखू येत नाही, पण नाव कळले की त्याची रेघ डोळ्यांपुढे येते. कोणाची पेन्सिल नेहमी बोथट असायची, कोण अक्षरे उजवीकडे कलती काढायचा, हे मी आजही सांगू शकेन.

गणित_तीन यांनी जीटीचा कबुलीजबाब दिलाच आहे, तर आमचीही बाजू नोंदवतो. आम्हाला ते कळत असे. मूळ चित्र काढणाऱ्याच्या शीटवर फिकट रचनारेषा असतात, खोडलेल्या खुणा असतात. काचेवरून उतरवलेली शीट फार स्वच्छ असते. शिवाय मूळ चित्रात एक छेदरेषा चुकीच्या दिशेने गेली असेल, तर तीच चूक एका तुकडीत अकरा वेळा सापडते. एकदा मी त्या अकराही शीट ओळीने भिंतीला लावल्या आणि काहीही न बोलता वर्गातून निघून गेलो. दुसऱ्या दिवशी बारावी शीट दुरुस्त होऊन आली. ती मूळ काढणाऱ्याची होती.

आता इयर डाऊनविषयी. वर्ष गेलेल्या मुलांना वाटते की आपल्यावर शिक्का बसला. वास्तविक आम्हा शिक्षकांना ती मुले इतरांहून अधिक लक्षात राहतात, कारण ती धाकट्यांच्या वर्गात येऊन मुकाट्याने बसतात आणि पहिल्या तासाला हजेरी देताना त्यांचा आवाज बारीक होतो. तो आवाज ऐकणे मला कधीच आवडले नाही. सवंगड्यांचे मात्र तसे नसते. त्यांचे ज्याचे त्याचे विषय राहिलेले असतात आणि त्यातच ते गुंतलेले असतात. तुमच्या वर्गातील शंभरजणांना विचारा, कोणाला वर्ष गेलेल्यांची नावे सांगता येतील असे मला वाटत नाही. तुमच्या रूम पार्टनरला मात्र येईल. त्यामुळे प्रश्न मेळाव्याचा नाही, त्याचा आणि तुमचा आहे, हे रोखठोक काकांचे म्हणणे मला पटते.

कृष्णाकाठी

मी सांगलीतच राहतो आणि तुमच्याच परिसरातील एका महाविद्यालयाचा, पण 1999 चा आहे. आमच्या गटाचे काय झाले ते लिहितो, त्यातून कदाचित काही हाती लागेल.

पहिले तीनेक वर्षे आमचा गटही तुमच्यासारखाच होता. सकाळी फुलांची चित्रे, रात्री विनोद, निवडणुकीच्या दिवसांत भांडणे. त्याआधी आमची एक यादी ऑर्कुटवर होती. तिथे एका मुलाने खपून सगळ्यांचे पत्ते आणि जुने फोटो जमवले होते, पण 30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट बंद झाले तेव्हा ते उतरवून घ्यायचे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. व्हॉट्सॲपवर आल्यावर सुरुवातीला 100 जणांची मर्यादा होती, ती पुढे 256 झाली, आणि मर्यादा वाढली तशी दुसऱ्या शाखांची माणसे येत गेली व कोणी कोणाशी बोलेनासे झाले.

मग ऑगस्ट 2019 आला. कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेले. आमच्या गटात सांगलीत राहणारे आम्ही नऊजण होतो, बाकी पुणे, बंगळूर, आखात, अमेरिका. त्या आठवड्यात कोणीही फूल पाठवले नाही. दर तासाला पाण्याची पातळी, कोणाचे आईवडील कोणत्या गल्लीत अडकले आहेत, कोणाच्या घरी जागा आहे, एवढेच चालू होते. माझ्याशी चार वर्षांत एक शब्दही न बोललेली एक वर्गभगिनी न्यू जर्सीहून रात्रंदिवस फोन करत होती, कारण तिचे वडील गावभागात दुसऱ्या मजल्यावर एकटे होते. मी आणि दुसरा एक जण होडीवाल्यांबरोबर जाऊन त्यांना घेऊन आलो. आजोबांनी बरोबर घेतलेल्या पिशवीत औषधे नव्हती, घराची कागदपत्रे आणि भडंगाचा डबा होता.

पाणी ओसरल्यावर माझ्या घरातला फोटोंचा अल्बम उघडला तर चिखलाची वीट झाली होती. मी गटात एवढेच लिहिले की माझ्याकडे महाविद्यालयाचा एकही फोटो उरलेला नाही, कोणाकडे असतील तर पाठवा. दोन दिवसांत माळ्यावरच्या पेट्या उघडल्या गेल्या. सहली, गॅदरिंग, वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब हातात धरून काढलेले फोटो येऊ लागले, आणि प्रत्येक फोटोखाली ‘‘हा मागे उभा आहे तो कोण?’’ यावरून चर्चा. आमचे बोलणे तिथून सुरू झाले. मेळावा त्यानंतर झाला आणि तो चांगला झाला, कारण येणाऱ्यांना एकमेकांना सांगण्यासारखे काहीतरी होते.

तुमच्याकडे तो ड्राफ्टर अजून आहे का? असेल तर त्याचा फोटो काढून त्याला पाठवा. सोबत काही लिहू नका.

चूक_मान्य

फोटो पाठवा, फोन करा, पण मेळाव्याच्या दिवशी चारचौघांत माफी मागू नका. मी ती चूक केलेली आहे.

माझ्यामुळे एका मित्राची उन्हाळी प्रशिक्षणाची जागा हुकली होती. कंपनीचे पत्र आमच्या दोघांच्या पत्त्यावर आले होते आणि मी ते त्याला चार दिवस उशिरा दिले. मुद्दाम दिले नाही असे नाही, आणि अगदी मुद्दाम दिले असेही नाही. 25 वर्षे ते मनात होते. मेळाव्यात रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर, आठदहाजण बसलेले असताना, मला भरून आले आणि मी सगळे सांगून टाकले. मला वाटले होते की तो म्हणेल, ‘‘सोड रे.’’ तो काहीच म्हणाला नाही. त्याला ते पत्र आठवत होते आणि पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख त्याने तेव्हाच पाहिली होती. इतकी वर्षे त्याने ते कोणाला कळू दिले नव्हते, आणि मी ते दहाजणांसमोर मांडून ठेवले. बाकीच्यांना प्रसंग गमतीचा वाटला. पुढचे दोन महिने गटात कोणी काही उशिरा पाठवले की ‘पोस्टमन’ म्हणून माझे नाव येत असे. त्याने गट सोडला, तो त्याच सुमारास.

माफी मागून मी मोकळा झालो आणि ओझे त्याच्या डोक्यावर गेले. तुमच्या मित्रालाही तुमच्यासारखेच काहीतरी वाटत असेल, किंवा नसेलही. जे असेल ते त्याला एकट्याला ठरवू द्या.

गणित_तीन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मास्तर, त्या अकरा शीटांपैकी एक माझी असती तर मी दुसऱ्या दिवशी आलोच नसतो.

ड्राफ्टर आहे. नाशिकला घर बदलताना दोनदा भंगारात जायचा राहिला. रेक्झिनची पिशवी फाटली, पण पट्ट्या शाबूत आहेत. कृष्णाकाठी यांनी सुचवल्याप्रमाणे रविवारी सकाळी तो जेवणाच्या टेबलावर ठेवून फोटो काढला आणि त्याला एकट्याला पाठवला, खाली काही लिहिले नाही. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या, मग तासभर काही नाही. तो तास कसा गेला ते सांगत नाही. घरात सौभाग्यवती म्हणाल्या की एवढे फोनकडे बघत बसायचे होते तर फोनच का केला नाहीत.

साडेअकराला त्याचाच फोन आला. आवाज जाड झाला आहे, पण ‘बोल’ म्हणण्याची पद्धत तीच. त्याने पहिले विचारले ते स्क्रूविषयी. परत करण्याआधी त्याने मिरजेच्या एका दुकानातून नवा स्क्रू आणून बसवला होता, तो टिकला का? मी उठून पाहिले. डोक्यावरचा एक स्क्रू खरोखरच बाकीच्यांपेक्षा वेगळा होता, पितळेचा. 30 वर्षे तो माझ्या घरात आहे आणि मला दिसला नव्हता, कारण त्या दिवसानंतर मी ती पिशवी उघडून ड्राफ्टर कधी लावलाच नाही, दुसराच वापरला.

मग आम्ही इकडचे तिकडचे बोललो. तो बंगळूरजवळ होसूरला असतो, वडील मागच्या वर्षी गेले, मुलगा बारावीला आहे आणि त्याचे गणित कच्चे आहे. हे सांगताना तो थांबला आणि मीही थांबलो. तेव्हा मी म्हणालो की त्या दिवशी मी आत होतो. तो म्हणाला, ‘‘ठाऊक आहे. तुझ्या चपला बाहेर होत्या.’’

माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत सगळे काही येऊन गेले होते, चपला आल्या नव्हत्या.

मी काहीतरी बोलायला लागलो तर त्याने विषय बदलला आणि मी बदलू दिला. चूक_मान्य यांचा प्रतिसाद मी आदल्या रात्रीच वाचला होता, त्याचा उपयोग झाला. तो बंगळूरहून गाडीने मिरजेला उतरणार आहे आणि मी नाशिकहून पुण्यापर्यंत येऊन पुढे मोटारीने जाणार आहे. मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी त्याला मिरज स्थानकावरून मी घ्यायचे, असे ठरले. विश्रामबागेतील ते घर अजून उभे आहे का आणि त्याच्या गच्चीवर खोली आहे का, हे कृष्णाकाठी यांना जाता-येता पाहता आले तर कृपया कळवावे. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

वर्गणी मी काल भरली. नावाच्या बिल्ल्यासाठी अर्जात ‘उत्तीर्ण वर्ष’ असा रकाना होता, तिथे 1997 लिहिले. आयोजकांनी बिल्ला तयार करून त्याचा फोटो पाठवला आहे, त्यावर 1992–96 असे छापले आहे. ते दुरुस्त करायला सांगावे का, हे अजून ठरवलेले नाही.